शाहू मिल : स्मारक, हॉटेल की ओसाडी?

बंद पडलेल्या कारखान्यांच्या जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांत हॉटेले थाटण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. कुठे सुताची गिरणी, कुठे चहाचा कारखाना, कुठे धान्याची कोठारे. यंत्रे थांबली, कामगार पांगले आणि काही वर्षांनी त्याच भिंतींच्या आड पाहुण्यांसाठी खोल्या सजल्या, असे चित्र अनेक देशांत दिसते. इमारत वाचली, जुन्याची शोभा राहिली आणि उत्पन्नही सुरू झाले, म्हणून या प्रयोगांचे कौतुक होते. ते बऱ्याच अंशी रास्तही असते. परंतु एका वास्तूला मानवलेला उपाय दुसरीला मानवेलच असे नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली गिरणी २००३ साली बंद पडली. त्या घटनेला दोन दशके उलटून गेली, तरी तिचे पुढे काय करायचे हा प्रश्न सुटलेला नाही. अशा प्रश्नाला आज ना उद्या हॉटेलाचे उत्तर सुचविले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा ते उत्तर तपासून पाहण्याची वेळ प्रस्ताव आल्यानंतरची नसून त्याच्या आधीची आहे.

गिरणीमागचा विचार

२७ सप्टेंबर १९०६ रोजी या गिरणीचा पाया घातला गेला. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट देशभर पसरली होती, त्याच काळातील ही घटना. पण कोल्हापुरातील गिरणी केवळ त्या लाटेचे अपत्य नव्हती. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यापासून महाराजांनी जी कामे काढली, त्यांचा क्रम पाहिला की गिरणीचे स्थान कळते. १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसविण्यात आली आणि कोल्हापूरचा गूळ मोठ्या व्यापाराला लागला. १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे सुरू झाली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर चार वर्षांनी गिरणी आली आणि तिच्या पाठोपाठ भोगावतीवरील राधानगरी धरणाची योजना.

बाजार, शाळा, नोकरी, कारखाना आणि पाणी ही एकाच विचाराची पाच अंगे होती. संस्थानच्या कचेऱ्यांत जागा किती असणार? राखीव जागांचा हुकूम कितीही क्रांतिकारक असला तरी त्याने सारी प्रजा पोटाला लागणे शक्य नव्हते. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याला लिहिणे वाचणे येत नाही, अशा माणसाला रोख मजुरी देणारी जागा म्हणजे गिरणी. शिवाय साच्यावर उभा राहिलेला माणूस कोणत्या जातीचा, हे चातीला कळत नाही. गिरण्यांत जातिभेद नव्हता असे मुळीच नाही. मुंबईच्या गिरण्यांतील विणखात्याची दारे अस्पृश्य कामगारांना दीर्घकाळ बंद होती, हा इतिहास आहे. तरीही शेकडो वर्षांच्या बलुतेदारीतून बाहेर पडण्याची एक वाट या फाटकातून जात होती, हे नाकारता येणार नाही.

याच सुमारास, १९०४ साली, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्याला उत्तेजन होते. पुढे इचलकरंजी महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखली जाऊ लागली. पंचगंगेच्या खोऱ्यातील वस्त्रोद्योगाची ही दोन मुळे अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने रुजली. त्यातील एक अजून पालवी धरून आहे आणि दुसरे वाळून गेले आहे.

कोटितीर्थ तलावाजवळ सुमारे सत्तावीस एकरांच्या आवारात उभ्या राहिलेल्या या गिरणीने जवळजवळ शंभर वर्षे शहराला काम दिले. तिच्या भोंग्यावर कामगारांच्या पाळ्या बदलत, आणि कामगार नसलेली घरेही त्याच भोंग्यावर चुली पेटवीत, मुलांना शाळेत पिटाळीत. स्वातंत्र्यानंतर ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात आली. आजारी गिरण्या चालविण्यासाठी शासनाने स्थापन केलेले हे महामंडळ पुढे स्वतःच आजारी पडले. जुनी यंत्रे, वाढता तोटा आणि स्वस्त यंत्रमागांची स्पर्धा यांच्या कात्रीत राज्यातील कितीतरी गिरण्या सापडल्या. शाहू मिल त्यांपैकीच एक होय.

ओसाडीचा हिशेब

बंद गिरणीच्या जागेसाठी कल्पनांची कधीच वाण पडली नाही. येथे महाराजांचे भव्य स्मारक व्हावे अशी मागणी आहे. तयार कपड्यांचे उद्योगसंकुल, म्हणजे गारमेंट पार्क, उभारण्याचा विचारही मांडला गेला. महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत कृतज्ञता पर्व साजरे झाले, तेव्हा याच आवारात प्रदर्शने व कार्यक्रम भरले. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सारे शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्या महिनाभरात हजारो नागरिक, विशेषतः विद्यार्थी, गिरणीच्या फाटकातून आयुष्यात प्रथमच आत गेले. पर्व संपले आणि प्रश्न होता तेथेच राहिला.

निर्णय न घेणे म्हणजे वास्तू जशीच्या तशी ठेवणे, असा एक गोड गैरसमज सरकारी कचेऱ्यांत आणि नागरिकांतही आढळतो. प्रत्यक्षात रिकामी इमारत ही सर्वांत वेगाने झिजणारी इमारत असते. छपराचे एक कौल सरकले की पावसाचे पाणी वाशांत मुरते. वासे कुजले की छप्पर झुकते आणि भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरू लागते. दगडांच्या सांध्यांतील चुना धुपतो, त्या भेगेत पिंपळाचे रोप रुजते आणि त्याची मुळे दगड विलग करतात. लोखंडी खांबतुळयांना गंज चढला म्हणजे लोखंड फुगते व आपल्याभोवतीचे बांधकाम फोडून काढते. कोल्हापूरसारख्या धो धो पावसाच्या शहरात हे सारे घडायला पिढी जावी लागत नाही. जी दुरुस्ती पहिल्या वर्षी गवंड्याच्या आठ दिवसांच्या कामाने भागली असती, ती पंधराव्या वर्षी कोट्यवधींचा आराखडा बनते आणि मग 'इतका खर्च कशाला, पाडून टाका' असे म्हणणारे शहाणे पुढे येतात. ओसाडीचा खरा धोका हा आहे. ती पाडापाडीच्या बाजूने मुकाट्याने पुरावा गोळा करीत असते.

वापरात असलेली वास्तूच टिकते, हे हॉटेलाचा पुरस्कार करणारांचे म्हणणे म्हणूनच खोडून काढता येणार नाही. रोज झाडलोट होते, गळके छप्पर त्याच आठवड्यात दुरुस्त होते, राखणदार असतो आणि खर्चाला उत्पन्नाचा आधार असतो. संग्रहालयाला उद्घाटनाच्या दिवशी हारतुरे मिळतात आणि पुढे विजेचे बिल भरायला पैसे मिळत नाहीत, हा अनुभव महाराष्ट्रात नवा नाही. तेव्हा हॉटेल म्हटले की नाक मुरडायचे आणि स्मारक म्हटले की टाळ्या वाजवायच्या, इतक्यावर हा प्रश्न सोडवता येणार नाही.

न्यू लॅनार्कचा धडा

या बाबतीत स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गावाचे उदाहरण विशेष बोलके आहे. क्लाइड नदीच्या धबधब्याजवळ १७८५-८६ च्या सुमारास डेव्हिड डेल याने तेथे पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या सुताच्या गिरण्या उभारल्या. १८०० पासून त्यांचा कारभार रॉबर्ट ओवेन याच्या हाती आला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर न घेणे, १८१६ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडणे, रास्त दराने माल देणारे दुकान चालविणे, असे त्याचे प्रयोग त्या काळच्या कारखानदारांना वेडाचार वाटले. आज सहकारी चळवळीच्या प्रवर्तकांत त्याचे नाव घेतले जाते. कारखाना हा माणूस घडविण्याचेही साधन होऊ शकतो, हा त्याचा विश्वास होता. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या शाहू महाराजांशी त्याचे नाते जुळवायला फार ओढाताण करावी लागत नाही.

न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ साली बंद पडल्या. इमारती मोडकळीला आल्या, लोक गाव सोडून गेले. १९७४ च्या सुमारास स्थानिक पुढाकाराने एक विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि तिने एकेक इमारत हाती घेतली. कामगारांच्या चाळी दुरुस्त होऊन त्यांत पुन्हा कुटुंबे राहू लागली. ओवेनची शाळा पाहण्यासाठी खुली झाली. एका गिरणीत लोकर कातणारे जुने यंत्र चालू ठेवण्यात आले. आणि १९९८ साली तेथील पहिल्या क्रमांकाच्या गिरणीत हॉटेल सुरू झाले. २००१ मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले.

या हकिकतीतला महत्त्वाचा भाग हॉटेल हा नव्हे. हॉटेल हे सर्वांत शेवटी आले. आधी राहणारी माणसे, मग शाळा, मग यंत्र, आणि या साऱ्याचा खर्च चालावा म्हणून हॉटेल, असा तो क्रम आहे. शिवाय हॉटेल त्या विश्वस्त संस्थेचेच असल्यामुळे त्याचा नफा गावाच्या देखभालीकडे वळतो. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत, नुवारा एलियाजवळ कांदापोल येथे, बंद पडलेला चहाचा कारखाना १९९६ पासून हॉटेल म्हणून चालतो. जुनी यंत्रे, मोठे पंखे, लाकडी तक्तपोशी हे सारे त्यात जपले आहे. तोही प्रयोग सुबक आहे. परंतु तो डोंगरातील एका मळ्याचा कारखाना होता, शहराच्या सार्वजनिक आयुष्याचा मध्यबिंदू नव्हता. चहाच्या मळ्यात जे शोभते ते शाहू मिलमध्ये तसेच्या तसे आणता येणार नाही.

बांधणीचा प्रश्नही येथे उभा राहतो. पाण्यावर चालणाऱ्या अठराव्या शतकातील गिरण्या अरुंद, अनेक मजली आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या होत्या. मधून बोळ काढला की दोहोंकडे खोल्या होतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वाफेच्या गिरण्यांत, विशेषतः विणकामाच्या विभागांत, लांबरुंद एकमजली दालने आणि छपरातून उतरणारा उजेड अशी रचना रूढ होती. अशा दालनात खोल्या पाडायच्या म्हणजे भिंती घालून तो अवकाशच नष्ट करायचा. जी गोष्ट जपायची तिचाच बळी देऊन जतन केल्याचे समाधान मानायचे, असा तो प्रकार होईल.

मुंबईचा आणि घरचा अनुभव

न्यू लॅनार्कचा धडा गिरवायचा तर मुंबईचा धडाही विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या संपातून मुंबईचा वस्त्रोद्योग पुन्हा कधी उठला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी वाटणी ठरविली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. शहराच्या वाट्याला यायची ती जमीन बघता बघता आकसली. जेथे धुराडी होती तेथे काचेचे मनोरे, दुकानांची संकुले आणि खानावळी उभ्या राहिल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा जणांचा बळी गेला. गिरणीच्या जागेचा नवा वापर करताना परवाने, जिने, पाण्याच्या टाक्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा या गोष्टी शोभेच्या आधी पाहायच्या असतात, हे त्या रात्रीने शिकविले.

कोल्हापूरला आगीची आठवण करून देण्याची गरज नाही. महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच जळताना पाहून रस्त्यात उभे राहून रडणारी माणसे त्या रात्री शहराने पाहिली. नाट्यगृह वापरात होते, लोकांचे जिवापाड प्रेम त्याच्यावर होते, तरी ते जळाले. वापर आणि प्रेम यांच्या जोडीला रोजची दक्षता लागते, हा त्याचा अर्थ.

हॉटेल म्हणजे वास्तूच्या चिरंजीवित्वाची हमी, हा समजही घरच्या अनुभवावर टिकत नाही. रंकाळ्याच्या काठी १९३१ ते १९३४ या काळात बांधलेल्या शालिनी पॅलेसचे हॉटेल झाले, तेव्हा राजवाड्यात राहण्याचे अप्रूप म्हणून त्याचे नाव सर्वत्र झाले. पुढे ते हॉटेलही बंद पडले. धंदा हा नफ्यातोट्याच्या भरतीओहोटीवर चालतो. ओहोटी लागली की वास्तू पुन्हा निराधार होते. आणि खासगी मालकीतील वारशाचे काय होते, हे जयप्रभा स्टुडिओने दाखवून दिले. कोल्हापूर सिनेटोनपासून भालजी पेंढारकरांपर्यंतचा चित्रपट इतिहास ज्या आवारात घडला, ते विकले गेल्याचे २०२२ साली उघड झाले तेव्हा कलावंतांना उपोषणाला बसावे लागले. पुण्यातील प्रभात स्टुडिओची जागा मात्र सरकारने घेतली आणि १९६० मध्ये तेथे चित्रपट शिक्षणाची संस्था उभी राहिली. प्रभात कंपनीचा जन्मही १९२९ साली कोल्हापुरातच झाला होता. एक वारसा शिक्षणाच्या मार्गाने जिवंत राहिला, दुसऱ्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले. दोहोंतील फरक मुख्यतः मालकीचा आहे.

सत्यसुधारकची कसोटी

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील पंचवीस किल्ले हॉटेले व समारंभ यांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. शिवाजी महाराजांशी निगडित असलेल्या संरक्षित किल्ल्यांना हे धोरण लागू नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या संतापात भावनेचा भाग मोठा होता. पण भावनेच्या मुळाशी एक साधा विचार होता. जे सर्वांचे आहे त्याच्या दारावर दरपत्रक लागू नये.

शाहू मिलच्या बाबतीत हा विचार अधिकच लागू पडतो, कारण हॉटेल या शब्दाला कोल्हापुरात एक स्वतंत्र इतिहास आहे. महाराजांच्या पागेत नोकरीला असलेले गंगाराम कांबळे यांना, पाण्याला शिवले म्हणून, सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यासाठी साह्य केले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवीत, गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या सरदार व अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावीत. १९१९ मध्ये तर सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत शिवाशिव पाळू नये असे हुकूमच निघाले.

याचा अर्थ असा की, महाराजांना हॉटेल ही वस्तू क्षुद्र वाटली नव्हती. एक कप चहा हे त्यांनी समाजसुधारणेचे हत्यार केले. म्हणून त्यांच्या गिरणीत हॉटेल असावे की नसावे, हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. खरा प्रश्न आहे तो दाराचा. मोजक्या खोल्यांचे, चोखंदळ धनिकांसाठी असलेले, ज्याला आता बुटीक हॉटेल म्हणतात तसले हॉटेल तेथे झाले, तर ज्या फाटकातून तीन पिढ्यांतील कामगार फडक्यात भाकरी बांधून आत गेले, त्याच फाटकावर त्यांच्या नातवंडांना 'काय काम आहे?' असे विचारणारा दरवान उभा राहील. जातीने बंद केलेली दारे ज्या राजाने उघडली, त्याच्या वास्तूचे दार पैशाने बंद होईल. यापेक्षा मोठा विपर्यास दुसरा कोणता?

काय करता येईल?

पहिली गोष्ट मालकीची. हे आवार सार्वजनिक मालकीचे आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. एखादा भाग भाडेपट्ट्याने द्यायचा झाला तर मुदत मर्यादित असावी, अटी मराठीत छापून नागरिकांपुढे ठेवाव्यात आणि देखभालीत कसूर झाल्यास पट्टा रद्द करण्याचा अधिकार कागदावर न राहता वापरात असावा. गिरणीच्या कामगारांचे जे काही कायदेशीर देणे उरले असेल ते आधी फिटावे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

दुसरी गोष्ट मुख्य दालनांची. तेथे पुतळे आणि दिव्यांची आरास यांपेक्षा चालत्या चात्या आणि चालते माग शोभतील. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे. हातमागापासून स्वयंचलित मागापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता यावा, आणि ज्याला हे शिकून पोट भरायचे आहे त्याला शिकण्याची सोय असावी. गारमेंट पार्कच्या कल्पनेतील जो इष्ट भाग, म्हणजे रोजगार, तो अशा प्रशिक्षणातून साधता येईल. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांनाही येथे काम करीत विकण्याची जागा देता येईल.

तिसरी गोष्ट आठवणींची, आणि ती सर्वांत निकडीची आहे. १९७५ साली विसाव्या वर्षी रुजू झालेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. कोणत्या खात्यात किती उष्मा असे, तुटलेले सूत किती क्षणांत जोडावे लागे, बदली कामगाराला कामासाठी किती दिवस फाटकाशी ताटकळावे लागे, भोंगा कोण वाजवीत असे, या गोष्टी कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. १९६२ पासून या शहरात शिवाजी विद्यापीठ आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका सुटीत हे काम अंगावर घेतले, तर त्याला ना निविदा लागेल ना मंत्रिमंडळाची मंजुरी. इमारत दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल. माणसे दहा वर्षांनी भेटणार नाहीत.

चौथी गोष्ट हॉटेलाची. गोदामे, कचेऱ्या, निवासस्थाने अशा दुय्यम इमारतींत राहण्याची सोय जरूर करावी. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी कुटुंबे, परीक्षेला येणारे विद्यार्थी, सहलीतील शिक्षक यांना परवडेल अशा दराने बहुसंख्य खोल्या असाव्यात. काही खोल्या सुखवस्तू पाहुण्यांसाठी अधिक दराने ठेवायलाही हरकत नाही. त्यांच्या पैशातून छपराची दुरुस्ती होत असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र आवारातील खानावळ कुणालाही आत जाऊन चहा घेता येईल अशी असावी. तिला नाव काय द्यावे, हे शोधायला दूर जायला नको. आणि या साऱ्याच्या आधी आगीपासून संरक्षण आणि बांधकामाची तपासणी ही दोन कामे व्हावीत.

यावर पैशाची अडचण पुढे केली जाईल. ती खरी आहे. परंतु सत्तावीस एकरांचा आराखडा एका दमात पुरा करण्याचा हट्ट धरल्यानेच अशी कामे रखडतात. न्यू लॅनार्कला हॉटेल उघडण्यापर्यंत पोहोचायला सुमारे पाव शतक लागले. दरवर्षी एक छप्पर, एक भिंत, एक दालन अशा गतीने ते झाले. कोल्हापुरातही पहिल्या वर्षी केवळ छपरे गळती थांबवण्याइतकी दुरुस्त झाली आणि भिंतींतील पिंपळ निघाले, तरी ती खरी सुरुवात ठरेल. भव्य स्मारकाच्या कोनशिलेपेक्षा त्या कौलांची किंमत अधिक आहे. राधानगरीचे धरणही महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढच्या पिढ्यांनी ते पुरे केले आणि त्याचे पाणी आजही शेतात खेळते.

ज्यांनी २०२२ साली शंभर सेकंद स्तब्ध उभे राहून महाराजांना वंदन केले, त्यांची कृतज्ञता खोटी नव्हती. पण स्तब्धता ही शंभर सेकंदांपुरतीच शोभते. गिरणीच्या बाबतीत ती वीस वर्षांहून अधिक काळ चालली आहे. फाटक उघडायचे आहे, आणि ते उघडताना एवढेच पाहायचे आहे की, ते पूर्वी ज्यांच्यासाठी उघडत असे त्यांच्यासाठीही उघडे राहील.